बाटलीतला ढग

मामींनी काचेची बाटली खिडकीकडे धरली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "यात काल ताक होतं का?"

पाणी होतं हो मामी! जळगावातल्या बोअरचं, म्हणजे नावाला पाणी, पोटात खडू.

म्हणून आज घासणं आलं. तो पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा. साबणाला तो भीक घालत नाही, त्याला आंबटच लागतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून बाटली गळ्यापर्यंत भरायची आणि तासभर विसरायची. कोमटच हं. साध्या काचेत उकळतं ओतलं की तडाक्!

तेवढ्यात शेजारचे आप्पा कट्ट्यावर टेकले. मूळचे अमळनेरकडचे, आता निवृत्त, आणि दुसऱ्याच्या कामावर बारमाही हजर.

"काय करी राहिना रे भाऊ?"

"बाटली धुतोय, आप्पा."

"तापीनी वाळू टाक नि खळखळाव."

"वाळू काचेपेक्षा कडक असते. ओरखडे पडतात. मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून हलवलं की पुरतं."

"तांदूळ? बाटलीले जेवण घाली राहिना का?"

आणि मी तांदूळ आणायला वळलो, तोवर आप्पांनी खायच्या सोड्याची अख्खी पुडी बाटलीत रिकामी केली. फस्स! फेस थेट त्यांच्या धोतरावर.

"दख! निघी राहिनं!"

निघत काहीच नव्हतं. आंबट आणि सोडा एकमेकांना मारून मोकळे झाले, मागे उरलं खारट पाणी. फेस दिसला की काम झालं, हा समज आपल्याकडे बाटलीपुरता नाही, पण ते जाऊ द्या. सोड्याचं काम वेगळं. शेंगदाणा तेलाचा चिकटा असेल तर आधी धुण्याचा सोडा आणि हाताला सोसेल इतकं गरम पाणी, मग स्वच्छ विसळून लिंबूफूल. उलट केलं तर तेलाखालच्या चुन्यापर्यंत आंबट पोचतच नाही. हे मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "तेच ते मी सांगी राहिनू."

लिंबूफूल पुन्हा आणलं. थर गेला. तळाशी एक ढग मात्र राहिला. ओली असताना गायब, वाळली की हजर. आंबटाला दोनदा दाद दिली नाही, म्हणजे तो चुना नव्हेच, बहुधा काचच खराब झालेली. तिला औषध नाही. बोअरला तरी कुठे आहे? बाटली रिकामी झाली की लगेच विसळून पालथी घाला म्हणतात, कारण पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. आमच्या मे महिन्यात पालथी घालेपर्यंत थांबतं कोण, पाणी की आम्ही?

रविवारी मामी पुन्हा येणार आहेत. पाणी तांब्यातून द्यायचं ठरलंय. तांब्या उजेडाकडे धरून काही दिसत नाही.