‘रीडी रिव्हर’ करताय? अरेंजर शोधू नका

लोकगीतांवरचं संगीत नाटक करायचं ठरलं की हौशी मंडळी आधी अरेंजर, म्हणजे वाद्यसंयोजन करून देणारा, गाठतात. ऑस्ट्रेलियाचं ‘रीडी रिव्हर’ करायचं असेल तर तो खर्च वाचवा.

डिक डायमंडचं हे नाटक १९५३ मध्ये मेलबर्नच्या न्यू थिएटरने केलं, वर्षअखेरीस ते सिडनीत आलं. क्वीन्सलंडमधल्या मेंढ्या कातरणाऱ्या कामगारांचा १८९१ चा संप फसला, त्यानंतरची गोष्ट. गाणी बरीचशी याच लोकांची. सगळी नाहीत! शीर्षकगीत म्हणजे हेन्री लॉसनची कविता, चाल ख्रिस केम्प्स्टरची. ‘क्लिक गो द शिअर्स’ या त्यातल्या गाण्याची चाल तर चक्क अमेरिकन, हेन्री क्ले वर्कची. कुणाचं काही अडलं नाही. सिडनीत साथीला ‘बुशव्हॅकर्स’ हा बँड होता आणि १९५४ मध्ये तिथे अशा लोकसंगीतासाठी बुश म्युझिक क्लब निघाला.

नाटकाची जान आहे ती ओबडधोबड वाद्यांत. लागरफोन म्हणजे झाडूचा दांडा आणि त्यावर बिअरच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं. एका स्क्रूत दोन-दोन बुचं, पाठीला पाठ लावून. भोक स्क्रूपेक्षा मोठं, पण त्याच्या डोक्यापेक्षा लहान. स्क्रू घट्ट पिळला की खळखळ गेलीच, नुसतं ठक्क वाजतं. खाली रबरी बूट बसवायचा. एका हाताने दांडा आपटायचा, दुसऱ्या हातातली खाचांची काठी त्यावर घासायची. नवखा वादक प्रत्येक मात्रेला खळखळाट करतो आणि शब्द बुडतात. कडव्याला फक्त ठोका ठेवा, काठी ध्रुवपदाला.

बेससाठी चहाची प्लायवुडची पेटी उपडी घाला, दोरी आणि दांडा लावा. दांडा मागे ओढला की दोरी ताणते, सूर चढतो. पेटीची एक कड लाकडाच्या तुकड्यावर उचलून ठेवा, नाहीतर आवाज आतच कोंडतो. सूर निव्वळ कानावर, म्हणून दोन-तीन आधारस्वरांत राहा.

यात कीबोर्ड घुसवणं म्हणजे शाहिराच्या मागचं तुणतुणं काढून सिंथेसायझर ठेवणं. (न्यू थिएटरही डाव्या चळवळीतलंच. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकरांच्या लाल बावटा कलापथकाचं गोत्र तेच.)

पट्टी प्रेक्षकांच्या गळ्याने ठरवा, नायकाच्या नव्हे. ध्रुवपद सगळ्या सभागृहाने म्हणायचं असतं. नायकाने हौसेने पट्टी चढवली की दुसऱ्याच ध्रुवपदाला लोक गप्प होतात. ध्रुवपदाला सभागृहातले दिवे थोडे वर आणा, अंधारात गायला माणसं बिचकतात. आणि लागरफोनला माईक लावू नका, लाकडी रंगमंचावर त्याचा आवाज तसाच पुरतो.