जीएलसी की एमएनएलयू : लातूरच्या एका पालकांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज लोकलमध्ये पुन्हा वाचली. कायद्याचं शिक्षण मुंबईत कुठे घ्यावं, सरकारी विधी महाविद्यालयात (जीएलसी) की महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात (एमएनएलयू), यावरच्या लेखात 'जीएलसी मिळत असेल तर एमएनएलयूचा विचारही करू नका' असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हा सल्ला मुंबईत घर असणाऱ्यांसाठी आहे. लातूरहून लेकीला पाठवायचं तर वाचलेली फी राहण्याजेवणात जाणार. जुन्या नावावर किती दिवस भुलायचं, असंही तुम्ही विचारलंय.

खर्चाबाबत चूक माझी आहे. मी नुसत्या फीचे आकडे शेजारी ठेवले: जीएलसीत वर्षाला काही हजार, एमएनएलयूत लाखांत. मी स्वतः डोंबिवलीला मामांकडे राहून शिकलो, म्हणून राहण्याचा खर्च माझ्या हिशेबात आलाच नाही. जीएलसी आहे त्या चर्चगेटच्या आसपास पीजीचं भाडं साध्या घरातल्या मुलांना झेपत नाही आणि सरकारी वसतिगृहातल्या जागा मोजक्या. एमएनएलयू पवईला आहे आणि तिथे राहण्याची सोय विद्यापीठच बघतं. अठरा वर्षांच्या मुलीला अनोळखी शहरात खोली शोधत फिरावं लागणार नाही, ही मोठीच गोष्ट आहे. ती मी लिहायला हवी होती.

नावाचं म्हणाल, तर जीएलसी 1855 चं आहे, टिळक तिथे शिकले, बाबासाहेब 1935 मध्ये तिथे प्राचार्य झाले. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, पण तेवढ्यासाठी कुणी तिथे प्रवेश घ्यावा असं मी म्हणणार नाही. माझं कारण वेगळं होतं: कोर्ट जवळ आणि हाताशी वेळ. माझ्या वेळी तास सकाळी आटोपायचे. मग ओव्हल मैदान ओलांडलं की हायकोर्ट. मागच्या बाकावर बसून बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, पुढे सरकताना बघायचो. एकदा जामिनाच्या अर्जावर युक्तिवाद चालला होता. न्यायमूर्तींनी विचारलं, पंचनामा कुठल्या पानावर आहे? सिनियरनी मान वळवायच्या आत मागच्या ज्युनियर मुलीने पान काढून पुढे केलं. तिने प्रत्येक कागदाला पिवळी चिठ्ठी लावून तिच्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मथळा लिहिला होता. संध्याकाळी घरी जाताना मी तशाच चिठ्ठ्यांचा गठ्ठा विकत घेतला. फौजदारी कामाचा माझा पहिला धडा तो.

पवईहून हे रोज जमणार नाही. कांजूरमार्ग गाठून सीएसएमटीला यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि तिथल्या सेमिस्टरचं वेळापत्रक, प्रोजेक्ट, मूट (खोटा खटला चालवण्याच्या स्पर्धा) यांतून तेवढा दिवस निघत नाही. मुलं सुट्टीत महिनाभर इंटर्नशिप करतात. पण तिथे मुलांकडून भरपूर लिहून घेतात, हे मात्र खरं. आमच्या चेंबरमध्ये येणारी एमएनएलयूची मुलं पहिल्या आठवड्यात जे संशोधनाचं टिपण देतात, तसं मला वकिलीची सनद मिळाल्यावरही दोन वर्षं जमत नव्हतं. आणि हायकोर्टाच्या वांद्र्यातल्या नव्या संकुलाचं भूमिपूजन 2024 मध्ये झालंय, त्यामुळे चर्चगेटच्या जवळीकीचा माझा मुद्दाही कायम टिकणारा नाही.

पण तुमच्या प्रतिक्रियेतल्या शेवटच्या ओळीवर मी थांबलो: 'तिला न्यायाधीश व्हायचंय.' मग सगळा हिशेब बदलतो. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे तुम्हाला पाच नाही, आठ वर्षांचा खर्च मांडायचाय, आणि त्यातली शेवटची तीन सगळ्यात कोरडी असतात. मला पहिल्या सिनियरकडे आठ महिने एक रुपयाही मिळाला नाही, नवव्या महिन्यापासून चार हजार. मामांचं घर नसतं तर मी गावी परतलो असतो. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियरना शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

आता शैक्षणिक कर्जाचं बघा. हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, म्हणजे ऐन वकिलीच्या त्या तीन वर्षांत. एमएनएलयूसाठी मोठं कर्ज काढावं लागणार असेल, तर हप्त्यांपायी लेक लॉ फर्मच्या नोकरीला लागेल आणि परीक्षा मागे पडेल. माझ्याबरोबरच्या दोघांचं असंच झालं, आणि दोघंही माझ्यापेक्षा हुशार होते. कर्ज न काढता भागत असेल, तर एमएनएलयू घ्या. माझा आधीचा सल्ला मी तुमच्यापुरता मागे घेतो. कर्ज काढावंच लागणार असेल, तर जीएलसी आणि दूरच्या उपनगरात दोघी-तिघींनी मिळून खोली, असं मी अजूनही म्हणेन. त्रास होईल, पण पाच वर्षांनी डोक्यावर बोजा नसेल. मग ती तीन वर्षं लातूरच्या जिल्हा न्यायालयात, घरी राहून काढता येतील. रोजनामा (सुनावणीची रोजची नोंद), बारनिशी (कागदपत्रांची आवक-जावक), नकलेचा अर्ज, मराठीतली उलटतपासणी हे ती तिथेच शिकेल. पुढे न्यायाधीशाच्या खुर्चीत बसल्यावर तिला रोज हेच लागणार आहे.

एक अडचण राहते. एमएनएलयूचा प्रवेश क्लॅट या परीक्षेतून होतो, जीएलसीचा राज्याच्या सीईटीतून. क्लॅटच्या जागेचे पैसे आधी भरावे लागतात आणि सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या बऱ्याच उशिरा होतात. जागा धरून ठेवायची तर त्यातले किती पैसे परत मिळतात, हे भरण्याआधी नियमावलीत वाचून घ्या.

आणि तिला एकदा मुंबईला घेऊन या. सकाळी पवई बघा, दुपारी अडीचला जेवणाची सुट्टी संपते तेव्हा हायकोर्टात या, ओळखपत्र विसरू नका. मी तिला मागच्या बाकावर नेऊन बसवतो. मूळ लेखातला खर्चाचा परिच्छेद आज रात्री बदलतोय.