आत कोण आहे?

फिल्मवरचे फोटो अंधारात छापायच्या खोलीसाठी, म्हणजे डार्करूमसाठी, काय काय लागतं याची लांबलचक यादी फोटोग्राफीच्या पुस्तकांत असते. फिल्मवरचं चित्र कागदावर मोठं करून पाडणारा एन्लार्जर, रसायनांचे तीन ट्रे, चिमटे, थर्मामीटर, लाल दिवा. घरच्यांची परवानगी त्यात नसते. लिहिणाऱ्यांच्या घरी दोन बाथरूम असणार, दुसरं काय!

आमच्याकडे माणसं पाच, बाथरूम एक. रात्री सगळ्यांचं आटोपलं की मी दाराच्या फटीत जुनं सतरंजीचं फडकं कोंबतो, एन्लार्जर वॉशिंग मशीनवर चढवतो आणि पाटावर ट्रे मांडून उकिडवा बसतो. कागदावर चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, २० अंशांवर हवा म्हणतात. मे महिन्यात पुण्यात तो तसा हवा असेल तर गच्चीवरची टाकी महाबळेश्वरला न्यावी लागेल. म्हणून पिशवीत बर्फ बांधून ट्रेमध्ये सोडतो. मग सकाळी पन्ह्याला बर्फ नाही म्हणून बोलणी खातो. डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथमधल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा वास दाराबाहेर गेला की बायको विचारते, "व्हिनेगर सांडलंस का?" तिसऱ्या ट्रेत फोटो पक्का करणारा हायपो. त्यात चांदीचे क्षार विरघळतात हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ साली शोधलं. त्याला घरून काय ऐकावं लागलं, याची नोंद कुणी केलेली दिसत नाही.

खरी परीक्षा टेस्ट स्ट्रिपची, म्हणजे किती सेकंद उजेड द्यायचा ते ठरवणाऱ्या पट्टीची. एन्लार्जरच्या उजेडात फोटोच्या कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा धरायचा आणि दर तीन सेकंदांनी तो थोडा सरकवायचा: तीन, सहा, नऊ, बारा. म्हणजे कुठला भाग नेमका उतरला ते कळतं. मी मनात मोजत असतो, सात, आठ...

"आत कोण आहे?"

बाबा. रात्री त्यांना उठावं लागतं. "मी!" म्हणेपर्यंत नऊ झाले की अकरा, देव जाणे. या कागदाला लाल उजेड दिसत नाही आणि आमच्या बाबांना बंद दार दिसत नाही. त्यात आपल्याकडे बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेर! त्यांनी झोपेत ते दाबलं आणि कागदाचं उघडं पाकीट जागच्या जागी वाया गेलं. त्यातला एक कागद मी रागारागाने डेव्हलपरमध्ये टाकला. काळाकुट्ट झाला. आजीने तो सकाळी दोरीवर पाहिला आणि म्हणाली, "अमावस्येचा का? छान आलाय."

आता त्या बटणावर चिकटपट्टी आहे. परवा आईचा फोटो छापला. चेहऱ्यावर सावली होती म्हणून तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती उजेडात हलवत राहिलो, म्हणजे तेवढा भाग कमी काळा होतो. तीन रात्री खपून चेहरा उजळ आला. आईने फोटो लांब धरला, जवळ धरला.

"बरा आलाय. पण मागचं ते वाण्याचं कॅलेंडर काढून टाक की."

"आई, ते असं काढता येत नाही."

"शेजारचा बंट्या मोबाइलवर एका बोटाने काढतो. आणि तोही दिवा लावून."