रियाज कुठे गेला? ('एक सोलापूरकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

गवयाच्या चरित्रावरून काढलेल्या सिनेमात त्याचा रियाजच गाळला, असं मी लेखात लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तिच्यातलं एक वाक्य नेमकं झोंबलं होतं. "पुस्तक वाचून थिएटरात जायचं आणि बाहेर आल्यावर नाक मुरडायचं, हा तुम्हा लोकांचा धंदाच आहे. अडीच तासांत अख्खं आयुष्य बसवून दाखवा की ओ!" शिवाय त्या गवयावरचा सिनेमा बघून तुमच्या मुलीनं घरी येताना गाडीवर विचारलं, "बाबा, पण ते रियाज कधी करायचे?" सिनेमामुळे पोरीला कुतूहल तरी वाटलं, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. 'पुस्तक न वाचलेल्यांनाच हा सिनेमा आवडेल' असं मी लिहिलं होतं. ते आगाऊपणाचं होतं. ती ओळ काढून टाकली आहे.

बाकी मुद्द्यावर मात्र हटत नाही. पानं गाळली म्हणून मी कधी रडलेलो नाही. 'सिंहासन' बघा. अरुण साधूंच्या दोन जाडजूड कादंबऱ्या, त्यांतून तेंडुलकरांनी एक पटकथा काढली आणि १९७९ मध्ये आपल्या जब्बार पटेलांनी ती पडद्यावर आणली. (त्यांची शाळा सोलापुरातली, त्यामुळे 'आपल्या' म्हणायचा हक्क मी सोडणार नाही.) कितीतरी मुंबई त्यात गळून गेली. पण निळूभाऊंचा पत्रकार दिगू टिपणीस या दारातून त्या दारात फिरत राहतो, आणि खुर्ची कशी हलते, कोण कधी फुटतो, निरोप कुणाकडून जातो, हे आपल्याला उलगडत जातं. कात्री तिथंही चाललीच की. काय राखायचं ते ठाऊक होतं, एवढंच.

चरित्रपटवाल्यांचं काय होतं? अपमान राखतात, पाऊस राखतात, शेवटचं भाषण राखतात. माणूस ज्या कामामुळे मोठा झाला, ते काम तेवढं गाळतात. काम कंटाळवाणं असतं ना! पुस्तकाला तो कंटाळा परवडतो.

आता आपल्या घरचंच उदाहरण देतो, म्हणजे भांडण मोकळेपणानं होईल. सोलापूरचे डॉ. कोटनीस जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेले, त्यांच्यावरचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' मी लहानपणी दूरदर्शनवर पाहिला. आख्खी गल्ली आमच्या घरात. आजीला अभिमान एवढा, की डॉक्टर जणू आमच्याच घरातून चीनला गेले. मात्र चिनी नर्स पडद्यावर आली आणि आजी म्हणाली, "ही चिनी कुठली, ही तर आपली नटी जयश्री!" त्यानंतर आम्ही कोण गंभीर राहणार? नायक स्वतः दिग्दर्शक शांतारामबापू, पंचेचाळिशीला टेकलेले. खरे डॉक्टर १९३८ मध्ये निघाले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

हे सगळं मी माफ करतो. तुमचा मुद्दा इथं पुरता मान्य: डॉक्टर गेल्यावर चार वर्षांच्या आत, १९४६ मध्ये हा सिनेमा आला आणि सोलापूरच्या भैया चौकातलं हे नाव देशभर पोचलं. पुस्तकाच्या हातून ते तसं झालं नसतं.

पण ज्या पुस्तकावरून तो निघाला, ते ख्वाजा अहमद अब्बासांचं पुस्तक मी फार पुढे वाचलं, आणि मग हाताला लागेल ते वाचत गेलो. पाच डॉक्टर गेले, चार परतले. आमच्या डॉक्टरांना वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली, तरी ते माघारी फिरले नाहीत. चिनी शिकले, नुसतं बोलण्यापुरतं नव्हे, त्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवण्याइतकं. पोरांना पाठ्यपुस्तक नाही म्हणून स्वतः लिहायला बसले. दुसरं पुस्तक अर्ध्यावर राहिलं, कारण ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय बत्तीस. मुलगा काही महिन्यांचा. त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे यिन भारत आणि हुआ चीन.

सिनेमात रोगाची साथ आहे, जपान्यांच्या तावडीतून सुटका आहे. परक्या भाषेत पाठ्यपुस्तक लिहीत बसलेला हा सोलापूरचा मास्तर मात्र मला त्यात सापडला नाही. मला वाटतं, एक टेबल, एक कंदील आणि चुकीचा शब्द खोडणारा हात, एवढ्यावर तो प्रसंग झाला असता. दोन मिनिटं लागली असती.

आनंदीबाई जोशींच्या बाबतीतही तेच. त्यांच्यावरचा २०१९ चा सिनेमा मला आवडला, डोळेही पुसले. पण फिलाडेल्फियात त्या नेमकं काय शिकल्या, प्रबंध कशावर लिहिला (प्रसूतिशास्त्रावर), याचं माझं कुतूहल सिनेमानं भागवलं नाही.

गाण्यांबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, गवयाच्या सिनेमाचं संगीत चांगलंच आहे. माझ्या लेखात ते राहून गेलं.

आणि तुमच्या मुलीचा प्रश्न. अडीच तास एका गवयाला बघून पोर विचारते, रियाज कधी करायचे. मी एवढा लांबलचक लेख लिहिला, तो हेच विचारायला! त्या चरित्राची माझी प्रत मुखपृष्ठ गेलेली आहे, पण रियाजाची पानं शाबूत आहेत. पहाटेचा तंबोरा, शेजाऱ्यांच्या तक्रारी, सगळं आहे. तिला वाचायची असेल तर सांगा, रविवारी आणून देतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तुमच्याकडून.