द एक्सपान्स : सीरिज आमची, शेवट त्यांचा

या मे महिन्यात 'द एक्सपान्स' तिसऱ्यांदा पाहून संपवली. सहा सीझन, 62 भाग. अकरावीतला भाचा पुण्याहून सुट्टीला आमच्याकडे अमळनेरला आला होता. त्याच्यासाठी लावली आणि मीच पुन्हा अडकलो. या सीरिजवर माझा जीव आहे आणि तिच्यावर रागही आहे. दोन्ही आज लिहून टाकतो. शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना पाहायचीय त्यांनी आधी पाहून या.

गोष्ट थोडक्यात. माणूस सूर्यमालेत पसरलाय. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचं राज्य, मंगळ वेगळा आणि लष्करी, आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणारे बेल्टर. खाणी यांनी खणायच्या, माल त्या दोघांनी न्यायचा. पहिल्याच भागात सेरेसवर, म्हणजे पट्ट्यातल्या सगळ्यात मोठ्या गोळ्यावर, एक माणूस लोकांपुढे बोलत असतो, की इथे पिढ्यान् पिढ्या पुरेल एवढा बर्फ होता, तो पृथ्वीने आणि मंगळाने नेला. आता शनीच्या कड्यांमधला बर्फ जहाजाने येईल तेव्हा सेरेसला पाणी. असंच एक बर्फाचं जहाज, कँटरबरी, उडवलं जातं आणि तिथून सगळं पेटतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेल्याला फार दिवस झाले नव्हते. ते 2016 साल. पण मला आठवलं ते आमचं गावातलं घर. नळ दहा-बारा दिवसांनी यायचे. ओसरीत चार निळे ड्रम होते आणि आईने प्रत्येक ड्रमवर खिळ्याने आडव्या रेघा ओढलेल्या होत्या. एक रेघ म्हणजे एक दिवस. संध्याकाळी ती झाकण उचलून आत बघायची. पाणी रेघेच्या खाली गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी कपडे धुणं बंद, आम्हा पोरांची आंघोळ बंद. पाहुणा आला की आधी त्याच्या हातात तांब्या आणि मग आईची नजर ड्रमकडे. त्या काळात तापी मात्र पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहायची आणि खाली गुजरातमध्ये उकाईला जाऊन मिळायची. तापीवरच्या पाडळसे धरणाचं नुसतं नाव मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. तर सेरेसवरची पोरं पाणी चोरताना दिसली तेव्हा मला ती अनोळखी वाटली नाहीत. अवकाशावरच्या एवढ्या सीरिज पाहिल्या, पण पाणी मोजणारी माणसं त्यात मला दुसरीकडे दिसली नव्हती. म्हणून ही आमची.

आणि त्यांची भाषा! निक फार्मर नावाच्या भाषातज्ज्ञाने ती सीरिजसाठी घडवली. ठिकठिकाणांहून कामाला आलेल्या लोकांच्या बोलींची खिचडी. आम्ही पट्ट्यातले म्हणजे 'बेल्टालोडा', आतल्या ग्रहांवरचे ते 'इन्यालोडा', कळलं का म्हणजे 'सासा के'. हातवारेही मोठे मोठे, कारण अवकाशाच्या पोशाखात मान हलवलेली दिसत नाही. साहेबांसमोर नीट इंग्रजी बोलणारा बेल्टर आपल्या माणसांत गेला की लगेच ही बोली सुरू करतो. अहिराणी बोलणाऱ्याला हे कुणी समजावून सांगायला नको. 'आहे'च्या जागी 'शे' आलं म्हणून मी शाळेत छड्या खाल्ल्यात. पुण्याला होस्टेलवर गेलो तेव्हा चार वर्षं तोंडातून 'शे' निघू दिला नाही. घरी फोन करायचा तर गच्चीवर जाऊन करायचो. माझ्या भाच्याला अहिराणी येत नाही. बेल्टर मात्र त्याला आठवड्यात यायला लागली, दिवसभर 'सासा के, मामा?' चालू. मग आईनेच त्याला धरलं, "आते आपली शिक. समजनं का?" सुट्टी संपेपर्यंत तो तिच्याशी मोडकंतोडकं बोलत होता. या एका गोष्टीसाठी मी त्या सीरिजचा कायमचा ऋणी आहे.

आता राग. तो ख्रिस्जेन अवसरालापासून सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांतली ही मोठी राजकारणी बाई, भारतीय वंशाची, भरजरी साड्या, दागिने. शोहरे अगदाश्लू या मूळच्या इराणच्या अभिनेत्रीने ती अशी केलीय की तिचा घोगरा आवाज आला की हातातलं काम थांबतं. आईसुद्धा येऊन बसली. "बाईनी साडी भारी शे," म्हणाली. त्याच भागात ही बाई नातवाशी खेळून येते आणि एका पकडलेल्या बेल्टरची चौकशी करते. त्याला टांगून ठेवलेलं असतं, बस. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेली त्याची हाडं, त्यांना पृथ्वीचं वजन पेलत नाही. मारायचीही गरज पडत नाही. आईने विचारलं, "या पोऱ्याले कसाले टांगेल शे?" मी सांगितलं. ती उठून आत गेली आणि त्यानंतर तिने एकही भाग पाहिला नाही.

मी पाहत राहिलो, आणि मलाही अवसराला आवडायला लागली, हेच मला सलतं. पुढच्या सीझनमध्ये ती जग वाचवते, शहाणपणाचं बोलते, आपण तिच्या बाजूचे होतो. तो टांगलेला माणूस कुणालाच परत आठवत नाही. पाण्याचंही तसंच. पहिल्या सीझनमध्ये थेंबाथेंबाचा हिशेब आहे, मग प्रोटोमॉलिक्यूल नावाची परग्रहावरची चीज येते, तिच्यातून दूरच्या ताऱ्यांकडे नेणारं दारासारखं कडं उघडतं, हजारो ग्रह मोकळे होतात आणि तहान मागे पडत जाते. पट्ट्याचा संताप शेवटी ज्याच्या तोंडी दिला तो मार्को इनारोस. पृथ्वीवर दगड टाकून लाखो लोक मारणारा. स्वतःच्याच सेरेसची कोठारं रिकामी करून पळणारा. असे पुढारी असतात, मान्य. पण पिढ्यांचं गाऱ्हाणं त्याच्या हाती दिलं की ऐकणाऱ्याला ते खोटंच वाटायला लागतं.

कॅमिना ड्रमर ही बेल्टर कप्तान आहे म्हणून तोल राहतो. कारा जीने ती अशी उभी केलीय की ती गप्प असली तरी तिच्याकडेच बघावंसं वाटतं. मार्कोविरुद्ध ती लढते, आपली माणसं गमावते. आणि शेवटी? कड्यातून होणारी ये-जा सांभाळणाऱ्या नव्या वाहतूक संघाचं अध्यक्षपद द्यायचं ठरतं सीरिजच्या नायकाला, होल्डनला. मोंटानाच्या शेतावर वाढलेला, पृथ्वीचा माणूस. तो ते घेतो आणि तिथल्या तिथे राजीनामा देऊन ड्रमरच्या हवाली करतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी हात उचलले नाहीत. एवढं सगळं सोसून पट्ट्याला मिळालं ते एका भल्या माणसाने दिलं म्हणून. तो भला नसता तर? शेवटच्या सीझनला सहाच भाग मिळाले, घाई झाली, हे मी समजू शकतो. पण घाईतसुद्धा ती खुर्ची ड्रमरने स्वतः मागून, भांडून घेताना दाखवता आली असती.

2018 मध्ये तीन सीझननंतर ही सीरिज बंद केली होती. चाहत्यांनी पैसे जमवून ॲमेझॉनच्या कचेरीवरून फलक लावलेलं विमान उडवलं, याचिकेवर सह्या केल्या, त्यात माझीही एक होती. मग ॲमेझॉनने ती पुढे चालवली. उद्या वेळ आली तर पुन्हा करीन. ज्यांवरून ही केली ती पुस्तकं नऊ आहेत, पडद्यावर आली ती सहापर्यंतच.

भाचा गेल्या रविवारी पुण्याला परत गेला. बसमधून त्याचा मेसेज आला, "मामा, सेरेसवर नळ कितव्या दिवशी येतात ते दाखवलंच नाही ना?" मला आठवेना. पहिला सीझन परत लावलाय.