शिल्पकार कसा निवडला, ते सांगा

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हा इथे सिएटलमधल्या मराठी मंडळींतही दुसरा विषय नव्हता. वारा किती होता, बोल्ट गंजले होते का, राजीनामा कुणी द्यायचा. त्या गदारोळात एक बातमी मात्र पटकन मागे पडली. राज्याच्या कला संचालकांनी सांगितलं होतं की आमची मान्यता सहा फुटी मातीच्या मॉडेलला होती. पुतळा ३५ फुटांचा होणार हे आम्हाला कळवलंच नाही. म्हणजे शिल्पकार कसा निवडला आणि काम कसं मंजूर झालं, हा खरा प्रश्न होता.

आता अमेरिकेत सगळं आलबेल, असं म्हणायला मी बसलेलो नाही. इथल्या आर्ट म्युझियमच्या दारात १९९१ मध्ये शिल्पकार जोनाथन बोरोफ्स्कींचा ४८ फुटी ‘हॅमरिंग मॅन’ हा हातोडेवाल्या माणसाचा पुतळा उभा करताना उचलणारा पट्टा तुटला आणि तो आडवा झाला. दुरुस्त होऊन वर्षभराने उभा राहिला. मिनिटाला चार वेळा हातोडा हलवायचा आणि अमेरिकेतल्या कामगार दिनाला सुट्टी घ्यायची, असा त्याचा नेम. (खरंच.)

त्यात शहराचाही पैसा आहे. १९७३ पासून इथे कायदाच आहे की शहराच्या ठरावीक बांधकामांच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी काढायचा. ‘आधी खड्डे बुजवा, मग कला’ हा आपला लाडका वाद इथे फारसा रंगत नाही, कारण बांधकाम निघालं तरच हा पैसा निघतो. इथल्याच ब्रॉडवे नावाच्या रस्त्याच्या फुटपाथवर जॅक मॅकींनी १९८२ मध्ये ब्राँझचे बुटांचे ठसे बसवले, टँगो आणि वॉल्ट्झच्या पावलांच्या क्रमाने. बसची वाट बघणारी माणसं त्यावर पाय टाकून बघतात.

पण मला हेवा वाटतो तो इथल्या कलाकार निवडीच्या पद्धतीचा. कामाची जाहिरात निघते, त्यात बजेट लिहिलेलं असतं. निवड समितीत कलाकार असतात, त्या भागातले रहिवासीही असतात. पहिल्या फेरीत बहुधा फक्त जुनी कामं मागतात. अंतिम फेरीतल्या मोजक्या जणांना आराखडा करण्याचे पैसे मिळतात. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातल्या माझ्या मित्राला हे सांगितलं तर तो हसला. त्याला साहेबांकडून एवढंच ऐकायची सवय: ‘एक स्केच टाकून ठेवा, बघू.’ फुकट, अर्थात. आणि भिंती रंगवायच्या असतील तर दर चौरस फुटाचा, मध्ये ठेकेदार.

समितीने निवडलेलं काम अनेकदा कुणालाच न दुखवणारं, म्हणून जरा बेचव होतं, हेही खरं. विमा आणि इंजिनिअरची कागदपत्रं जमवताना नवखा माणूस घामाघूम होतो. इथली वीज कंपनी शहराचीच, म्हणून तिच्याकडूनही कलेसाठी पैसा जायचा; वीजबिलाचा पैसा कलेवर का, म्हणून इथले ग्राहक कोर्टात गेले आणि त्या पैशाच्या वापरावर मर्यादा आली. मला तेही बरंच वाटतं. हिशेब उघडा होता म्हणून तर भांडता आलं.

मालवणला पुढे रीतसर निविदा निघाली, काम राम सुतारांच्या संस्थेकडे गेलं आणि २०२५ मध्ये नवा पुतळा उभा राहिला. अनुभवी हात हवा होता, मिळाला. पण तिशीतल्या शिल्पकाराने पहिलं सार्वजनिक काम मिळवायचं कुठून? एकदम ३५ फुटी पुतळ्यातून नक्कीच नाही. बागेतला एखादा बाक, मेट्रो स्टेशनची एखादी भिंत, वाचनालयाचं दार अशी छोटी कामं महापालिकांनी जाहिरात देऊन काढावीत, आणि जाहिरातीतच रक्कम व परीक्षकांची नावं छापावीत.