वीस अंशांची हुडहुडी

माझा मेहुणा बेळगावचा. जानेवारीत फोनवर मी "थंडी फार आहे रे" म्हटलं की तो आधी हसतो, मग विचारतो, "किती आहे, भावजी?"

"वीस."

मग तो फोन स्पीकरवर टाकतो. घरातल्या बाकीच्यांनाही हसता यावं म्हणून.

पण त्याचं वीस अंगणात खुर्ची टाकून मोजलेलं. माझं वीस गोव्यात सकाळी साडेसहाला, मोटारसायकलवर साखळी गावाहून पणजीला जाताना, ताशी साठच्या वेगाने अंगावर येतं. आपल्या अंगाभोवती आपणच तापवलेल्या हवेचा एक पातळ थर असतो म्हणे. वारा तो घेऊन जातो, शरीर बिचारं नवा तापवतं, वारा तोही नेतो. म्हणजे डिचोलीपर्यंत मी अख्ख्या तालुक्याला फुकट ऊब वाटत जातो.

वाळवंटी नदीच्या बाजूला धुकं असतं. हेल्मेटची काच खाली घेतली की श्वासाने धूसर होते. वर केली की डोळ्यांतून पाणी येतं आणि गालावरून थेट कानाकडे जातं. म्हणून मी बोटभर फट ठेवतो. त्या फटीतून वारा नेमका नाकाच्या शेंड्यावर बसतो आणि नाक वाहायला लागतं. पुसणार कसं? डावा हात क्लचवर, उजवा ॲक्सिलेटरवर. धीर करून डावा हात उचलावा, तर समोर गतिरोधक. असे चार गतिरोधक झाले की माणूस नाकाचा नाद सोडून देतो.

कपड्यांचं तर विचारूच नका. गोव्याच्या कपाटात स्वेटर एकच असतो, डांबरगोळीच्या वासाचा, तोही लग्नात आलेला. रेनकोट मात्र तीन. म्हणून मी छातीवर कालचा पेपर, त्यावर स्वेटर आणि त्यावर रेनकोट चढवतो. परवा सायकलवरच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, भोंपू वाजवायचं थांबवून आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वच्छ आभाळाकडे. "पावस येतलो कितें?" मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर दात वाजले असते.

पर्वरीच्या सिग्नलला शेजारी काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर येऊन थांबली. वर एक गोरा पाहुणा, अंगात फक्त चड्डी. त्याने माझ्या रेनकोटकडे बघून अंगठा दाखवला. परत अंगठा दाखवावा म्हटलं, पण माझा हँडलवरून सुटेना.

मांडवी नदीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी. त्यामुळे आम्ही खालच्या पुलावरून मांडवीचा वारा खात जातो. ऑफिसात पोचलो तर हजेरीच्या मशीनने गारठलेला अंगठा ओळखायला साफ नकार दिला. तीनदा. खाली येऊन मी इंजिनाजवळ हात धरून बसलो. वॉचमन लांबून बघत होता. त्याला वाटलं, पेट्रोल गळतंय. वर गेलो तोवर दहा मिनिटं उशीर लागला होता आणि साहेबांनी एसी अठरावर ठेवला होता.

दुपारी पारा बत्तिसावर. पेपर, स्वेटर आणि रेनकोट यांचं गाठोडं मागच्या सीटला बांधून, घाम पुसत मी नाक्यावर शहाळं पीत होतो. तेवढ्यात मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला.